गाईला म्हशीचं फॅट

अगं, घामच फुटला मला! निरगुडसरजवळच्या एका डेअरीत दुधाच्या नोंदींचा माझा प्रोग्राम पहिल्यांदाच चालू केला, तर स्क्रीनवरच्या तक्त्यात निवडलेली ओळ आपोआप खाली सरकायला लागली. एकाच्या म्हशीचं फॅट पुढच्याच्या गाईला!

"माझी गाय म्हैस झाली व्हय, राव?" दूध घालायच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

चेअरमन म्हणाले, "म्याडम, न्हाई जमलं तर जुनंच लावू."

तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन लिहिलेला कोड. चूक माझीच असणार. पण सापडेना. शेवटी कीबोर्ड उलटा केला, तर खालच्या बाणाच्या अडकलेल्या बटणातून कुंकू सांडलं.

नोंदी करणाऱ्या सुमनताई म्हणाल्या, "नवा प्रोग्राम, मग पूजा नको व्हय?"

चेअरमननी लगेच दुसरा कीबोर्ड मागवला. तो टेबलावर ठेवला, आणि सुमनताईंनी पुन्हा करंडा उघडला.