डॉक्टरीणबाईची मुराळी

पोरांनो, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हा आपल्या जानेफळला विलायतेहून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तिथे काम करणारी सोनाई आता आपल्याच घरी राहते आणि मला अजून वैनीच म्हणते. तुम्ही नातवंडं यंदा येणार हे कळल्यावर ती जे बोलली, ते तिच्याच शब्दांत लिहून पाठवते आहे. तिच्या बोलण्यातल्या पाटलीणबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

माह्या माहेराचं काय सांगू तुम्हाले, वैनी. बाप लवकर गेला, भाऊ नाही, लगन झालं तवा मले लुगडंही नीट नेसता येत नव्हतं, अन् पहिलं बाळंतपण असं अडलं की सासरच्यांनी मले गाडीत टाकून दवाखान्यात आणलं अन् गाडी तशीच माघारी फिरवली. लेकरू गेलं. मले न्यायले कोणी आलंच नाही, सासरचं नाही, माहेरचंही नाही. दिवाळीले गावातल्या सुनायचे भाऊ मुराळी बनून यायचे, बहिणीले माहेरी घेऊन जायचे, अन् मी ओसरीवर बसून त्यांच्या गाड्या पाहायची. डॉक्टरीणबाई म्हणे, सोना, तू इथंच राह्य. राह्यली. पाणी तापवायचं, पट्ट्या उकळायच्या, बाळंतिणीचा हात धरायचा, हे माहं काम झालं. बाई होती म्हणून मी होती, एवढंच समजा.

तर बाईची माय विलायतेहून आली. एकुलती एक लेक, नऊ सालं तोंड पाह्यलं नव्हतं. आम्ही बैलाची दमणी जुंपून शेगावच्या ठेसनावर गेलो. मले वाटलं आता ह्या मायलेकी गळ्यात गळा घालून अशा रडतीन की सारं ठेसन गोळा होईन, म्हणून मी तांब्याभर पाणी हातात धरून उभी. अन् काय सांगू, मडम गाडीतून उतरली, लेकीनं हात पुढं केला, मायनं तो धरून हालवला, गालाले गाल लावल्यावानी केलं, अन् दोघी पेट्या मोजायले लागल्या. माह्या हातातला तांब्या हातातच. हे कसं माणूस आहे बाप्पा, नऊ सालानं पोटची पोर दिसली अन् पेट्या मोजते!

मग बाईनं मायले मुलूख दाखवायले काढला. मी डबा घेऊन मागं. लोणारच्या तळ्याच्या काठावर नेलं, एवढा मोठा खड्डा अन् तळाशी हिरवं पाणी, बाई हात करकरून सांगे, मडम छत्री धरून मान हालवे. पण रस्त्यात गाव लागलं की बाया लेकरं कडेवर घेऊन धावत यायच्या, बाई, याचा कान पाहा, बाई, माहा खोकला पाहा, अन् बाई दमणीतून उतरायची. मले समजून राह्यलं होतं. ती तळं दाखवतच नव्हती. ह्या लोकायले सोडून मी कशी येऊ, हे ती मायले दाखवत होती. अन् मायही तळं पाहत नव्हती, लेकीचे पांढरे झालेले केस पाहत होती. न्यायलेच आली होती ती, पण तोंडातून काढत नव्हती.

बीबी गावच्या बाजारात तर गंमतच झाली. मडमनं बांगड्या पाहायले हात पुढं केला तशी मनियारीण चाचीनं धरून हिरव्या बांगड्या चढवल्या बी. मले म्हणे, कोण वं ही? म्हटलं, डॉक्टरीणबाईची माय. मंग मुराळी आली म्हण ना, चाची म्हणे, भाऊ नसन तर मायच येईन न्यायले, इतक्या सालात पोरीले माहेर नाही म्हणजे काय, जानेफळवाले लय खाष्ट दिसतात! सारा बाजार हासला. बाई बी हासली. पण तो बाजार जानेफळच्या लोकायनं भरलेला, आमची दमणी घरी पोचायच्या आधी चाचीचा टोमणा पाटलीणबाईच्या ओसरीवर पोचला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर पाटलीणबाई दवाखान्याच्या दारात, मागं पंधरा-वीस बाया, डोक्यावर टोपल्या. पापड, कुरड्या, लाडू, खणा-नारळाची ओटी. तुम्ही बी होता ना वैनी, नवी सून, इंग्रजी शिकलेली, डोक्यावरून पदर. पाटलीणबाईनं मडमले खुर्चीवर बसवलं, परात घेतली, अन् गावची पाटलीण खाली बसून तिचे पाय धुवायले लागली. मडम अशी ताडकन उठली की परात उलटी अन् पाटलीणबाई भिजून चिंब! बस वं व्याहीण, लाजते काऊन, असं म्हणून तिले पुन्हा बसवलं अन् पाय पुसले. मग बोलली, आमचं चुकलं. बाजारात आमची अब्रू गेली अन् ते खरंच हाय. ही पोर आमच्या गावात नांदून राह्यली, आमच्या सुनायची बाळंतपणं करून राह्यली, अन् आम्ही तिले एक डाव माहेरी धाडलं नाही. घेऊन जा.

डॉक्टरीणबाई तर पांढरीफटक. मराठीत म्हणे, पाटलीणबाई, मी नाही जाणार, दवाखान्याचं काय? पाटलीणबाई म्हणे, तू गप. माहेरी जायचं का नाही हे सुनेले कोणी विचारत नसते. मडम विचारे, काय म्हणते, काय म्हणते ही? अन् बाई सांगेचना. जिनं मायले सारा मुलूख समजावून सांगतला, तिच्या तोंडातून शब्द निघेना. मग तुम्ही पदर सारखा केला अन् इंग्रजीत सांगतलं, वैनी. सासूसमोर तुमचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा निघाला. मडम ऐकत गेली अन् हातातल्या हिरव्या बांगड्या फिरवत राह्यली.

पाटलीणबाईनं तिचा बांगड्यायचा हात धरला. म्हणे, पण ऐक. माहेरी गेलेल्या लेकीले सासरचं माणूस जाऊन परत आणते. आमच्यातलं समुद्र ओलांडून कोणी येऊ शकत नाही. म्हणून तूच आणून सोडशीन. दे वचन. तुम्ही तेही सांगतलं. मडमनं एकडाव लेकीकडं पाह्यलं, एकडाव बायांकडं, अन् पाटलीणबाईच्या हातावर हात ठेवला.

गेल्या दोघी. दवाखान्याले कुलूप. मी रोज ओसरी झाडायची अन् पाटलीणबाईले मनात शिव्या द्यायची. लोक तोंडावर म्हणत, हातची डॉक्टरीण घालवली, ते गोरं माणूस, आता काय येते! वाण्याची सून बाळंतपणात गेली तवा तिची सासू पाटलीणबाईच्या दारात येऊन बोंबलली. पाटलीणबाई त्या दिवशी जेवली नाही. एक दिवाळी गेली. दुसरीही गेली.

अन् उन्हाळा लागता लागता तार आली. मले खरं वाटेना. शेगावले गाडी थांबली, डब्यातून आधी मडम उतरली, हातात त्याच हिरव्या बांगड्या, मागून बाई. मडमनं लेकीचा हात पाटलीणबाईच्या हातात दिला अन् मराठीत, आपल्या मराठीत, तुटक तुटक म्हणे, घ्या, तुमची लेक आणली. जहाजावर पाठ केलं होतं म्हणे. पाटलीणबाई तशीच फलाटावर खाली बसली.

आठ दिवस राह्यली मडम, मग एकटी निघाली. म्हातारी झाली होती, पुन्हा येणं नव्हतं हे साऱ्यायले दिसत होतं. गाडी लागली. पाटलीणबाईनं तिच्या गळ्यात हात टाकले अन् आपल्या बाया रडतात तसा हेल काढला. मडम आधी खांबावानी ताठ. मग तिच्यातून एक आवाज निघाला, वैनी, अजून माह्या अंगावर काटा येते. अशी हंबरली ती म्हातारी की गार्ड हातातली झेंडी विसरला. अन् डॉक्टरीणबाई, जिले मी कधी डोळे पुसतानाही पाह्यलं नव्हतं, ती धावत आली अन् मायच्या गळ्यात पडली. पाटलीणबाई बाजूले झाली, नाक पुसलं, मले म्हणे, सोना, आता भेटल्या मायलेकी.

बाई मग इथंच राह्यली, इथल्याच मातीत गेली. पाटलीणबाईही गेल्या. मी हावो, तुमच्या घरी, सुखात हावो. तुमचे नातू येऊन राह्यले ना? त्यांले लोणार दाखवा, बीबीचा बाजार दाखवा, पण फार वेळ नका दाखवू, तुमच्याजवळ बसू द्या. अन् लिहा त्यांले, उतरल्यावर नुसता हात हालवला तरी सोनाई काही म्हणत नाही, पण जाताना रडायले लाजू नका. औक्षवंत व्हा, बाप्पा, अन् पुन्हा या.