तुमच्या वरिष्ठांनी का नाही ऐकलं?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, पहिल्या रांगेत लेकीचा हात धरून बसलेले माझे गुरू, ज्यांना आपण सगळे नुसतं ‘सर’ म्हणतो, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी बसून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

निवृत्तीच्या दिवशी माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं. आत्ता माझ्या ‘दूरदृष्टी’चा बराच गौरव झाला. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ती हवी होती तेव्हा आपण सगळे कुठे बघत होतात?

नव्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. अल्झायमरमध्ये मेंदूत एका प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. त्या विरघळवणारं औषध सरांनी शोधलं होतं. उंदरांवरच्या चाचण्या माझ्याकडे होत्या. टाकीतल्या पाण्याखाली एक चौथरा लपवलेला असतो. जागा लक्षात राहिलेला उंदीर पोहत नेमका तिथे जातो, विसरलेला नुसता गोल गोल फिरतो. औषध दिलेल्या उंदरांचे मेंदू स्वच्छ झाले. उंदीर मात्र गोल गोल फिरतच राहिले.

मी बैठकीत म्हणाले, “सर, गुठळ्या गेल्या, पण आठवण परत आली नाही. काहींच्या मेंदूत रक्तस्राव दिसतोय. माणसांना देण्याआधी थांबू या.”

सर म्हणाले, “बाई, तुम्ही उंदरांना पोहायला नीट शिकवलं नसेल.”

सगळी खोली हसली. अध्यक्ष महोदय, आपणही हसला होतात. आज टाळ्या वाजवल्यात. म्हणजे प्रगती आहे.

माझे निष्कर्ष शोधनिबंधातून गळाले आणि मी तळमजल्यावर आले, विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं घ्यायला. औषध माणसांपर्यंत गेलं. त्या रुग्णांत एक शिंपी होते. त्यांची बायको मला जिन्यात गाठायची. सुरुवातीला म्हणायची, “बाई, ते मला ओळखत नाहीत, पण कापड हातात दिलं की बोटं बरोबर चालतात.” पुढे एकदा म्हणाली, “आता बोटंही थांबली. ते नुसते पडूनच असतात. औषधाने असं होतं का हो?”

काय सांगायचं तिला? मी म्हणाले, “होऊ शकतं.” तिने वर जाऊन तेच विचारलं. रुग्णांच्या घरच्यांना भडकवल्याबद्दल मला समज मिळाली. शिंपी गेले. आणखी काही जण गेले. मग चाचणी बंद झाली, ‘अनपेक्षित परिणामांमुळे’. अनपेक्षित! या शब्दाने आजही माझ्या अंगाची आग होते.

त्यानंतर मी एकाच गोष्टीची वाट पाहत राहिले. सरांनी एकदा म्हणावं, ‘बाई, तुमचं बरोबर होतं.’ चारचौघांत नको, जिन्यात म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी म्हटलं नाही. आणि मग हाच आजार त्यांना झाला.

पुढचं त्यांच्या लेकीला विचारून सांगते आहे. आज दारात सरांनी मला नमस्कार केला, एखाद्या परक्या पाहुणीला करावा तसा. “आपण काय करता?”

मी सांगितलं. टाकी, उंदीर, शिंपी, सगळं. मान तिरकी करून त्यांनी ऐकलं. मधेच एक शंका काढली, तीही अचूक. मग म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. इतकं सरळ आहे हे. तुमच्या वरिष्ठांनी का नाही ऐकलं?”

लेकीने मान खाली घातली. मी म्हणाले, “कामात होते ते, सर.”

“माणूस बरा नसावा,” सर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

ज्या वाक्यासाठी इतकी वर्षं झुरले, ते मिळालं. पण कोणाकडून? ज्यांनी ते म्हणायचं होतं, ते सर आता राहिलेलेच नाहीत. भांडायचं तरी कोणाशी?

असो. तळमजल्यावरचे माझे विद्यार्थी, सरांची लेक आणि संयोजक, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुठे तोल गेला असेल, तर पदरात घ्या. शिंप्यांच्या बायकोची मात्र या संस्थेने अजून माफी मागितलेली नाही. ते काम माझ्या मागे शिल्लक राहतंय, अध्यक्ष महोदय. ती इथून जवळच राहते.