बिघडलेला टीव्ही

बालाघाटच्या बसस्टँडवर कटंगीच्या बसची वाट पाहत दोघी शेजारणी माझ्या मागच्या बाकावर बसल्या होत्या.

"कालची सिरियल पाहली का, पुष्पाबाई? सासरा जावयाचा पायजमा घालून वरातीत नाचला!"

"हौ वं सरिता! हासू हासू पोट दुखलं माह्यं."

"नाडी सुटली तवा त मी उठूनच उभी राह्यली."

"तुले एक विचारू? आमचे हे वारल्यावर तू रोज सांजच्याले माह्याच घरी येत होती, ही सिरियल पाहाले."

"काय करू मंग? माहा टीव्ही बिघडला होता ना."

"सालभर?"

"मेकॅनिकच भेटत नव्हता, बाई."

"आपली भिंत एकच हाय, सरिता. तुह्ये पोट्टे तिकडं तीच सिरियल पाहत होते. जोक झाला का दोन्हीकडून हासू येत होतं."

"मंग तवा काहून नाही बोलल्या?"

"बोलली असती त तू आली नसती. अन् एकटीनं मी टीव्ही लावलाच नसता."

"जाऊ द्या आता. उठा, बस आली."

"आज मी येईन तुह्या घरी सिरियल पाहाले."

"या ना! पण काहून?"

"माहा टीव्ही बिघडला."

"सच्ची? कधी?"

"तुहा बिघडला होता ना, तसाच."