बिल्डरला नको झालेला माळ

मी मूळची कल्याणकडच्या गावातली, आगऱ्याची पोर, लग्न होऊन वर्तकनगरला आले आणि वागळे इस्टेटला एका कारखान्यात पॅकिंगला लागले ती रिटायर होईपर्यंत तिथंच. बापाचा माळ होता, नुसता कातळ, गवताशिवाय काय नाय, आणि कुंपणाला लागून विजेचं सबस्टेशन.

बाप गेला तसा दादूस आला, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला बाय, हक्कसोडीवर सही कर, बिल्डर माळ घेतोय. आमच्यात बहिणी करतातच हो सही, साडीचोळी घेतात आणि माहेर राखतात. पण बिल्डरने काय म्हणावं, वरून तारा जातात, अर्ध्याच भावाने घेईन! माझं डोकंच फिरलं, म्हटलं माळ माझ्या बापाचा आणि भाव पाडणारा हा कोण, नाय करत सही जा. दादूस म्हणाला, मग तुला माहेर मेलं. काय सांगू तुम्हाला, भाऊबीजेला चंद्राला ओवाळलं मी, भाऊ जिवंत असून, आणि ढसाढसा रडले.

पण हट्टाने वाटणी करून घेतली. अर्ध्या माळाला बिल्डर फिरकलाच नाय, दादूस अजून भडकला. मग मी माझ्या वाट्याच्या माळावर सोलर लावून वीज विकायचं काढलं. जावई म्हणाला, आई, वीज विकून कर्ज फिटेल का ते आधी बघा. घोडबंदरला एक इंजिनियर बाई होती, ती म्हणाली, बहुतेकांचं गणित तारेत बुडतं, सबस्टेशनपर्यंत लाइन ओढण्यातच नफा जातो, तुमचं किती लांब आहे? मी म्हटलं, अहो बाई, कुंपणाला लागून! ती हसायलाच लागली. ज्या तारांपायी भाव पडला त्याच कामाला आल्या की! फंडाचे पैसे घातले, बँकेने कर्ज दिलं, माळभर सोलर लागलं, आता हप्ता जाऊन हातात उरतं.

मग दादूस आला, खाली मान घालून, बाय, माझ्या पण माळावर लाव. लावलं. भाऊच ना तो.

परवा तोच बिल्डर आला, पूर्ण भाव देतो म्हणाला. दादूस भर गावात बोलला, मला काय विचारतो, मालकीण माझी बहीण आहे, तिला विचार. मी म्हटलं, दादूस, ऐकू नाय आलं, परत बोल. परत बोलला, मोठ्याने. बिल्डरला चहा पाजून पाठवला. आई एकवीरा माझ्या भावाला शंभर वर्षं देवो, अजून पुष्कळदा बोलायचंय त्याला.