मिटलेली फांदी

बोरीवलीच्या दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेली पोरगी फोनवर बोटं फिरवताना मला सारखी कोपर मारत होती. सॉरी म्हणायचं नाव नाही. नवऱ्याला काहीतरी दाखवणं चाललं होतं.

"हे बघ मिहिर, या ॲपमध्ये वर्षाचा प्लॅन झाडासारखा मांडलाय. मधे मी. माझ्यातून फांद्या. प्रमोशन, घर, तुझ्या आईचे गुडघे."

"झकास. आणि ही बारकी कसली गं?"

"ती मिटून ठेवलीय. गाणं आहे त्यात. विशारद राहिलंय ना माझं."

"मग उघड ना."

"उघडली की पसरते रे. बाकीचं सगळं स्क्रीनबाहेर जातं."

"मग काढून टाक."

"तेवढं मात्र होत नाही माझ्याच्यानं."

मी म्हटलं, "पोरी, कोपर खुशाल मार. पण ती फांदी उघड."