बिशप कोंगल कसे गेले

—नाही ब्रदर, त्या ओल्या बाकावर नको, इकडे चुलीजवळ बसा. बिशप कोंगल वारले, त्यांच्याबद्दल तुमच्या मठाच्या वहीत दोन शब्द लिहायचेत, आणि त्यासाठी तुम्ही तळं ओलांडून माझ्याकडे आलात? चर्चमधल्यांनी सांगितलं असेल, डर्वालला विचारा, ती त्यांच्याकडे कामाला होती. कामाला — बरं, तसं म्हणा.

जन्म कधीचा ते नाही ठाऊक. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. लग्न झालं तेव्हा ते साधे पाद्री होते — आमच्याकडे पाद्री लग्न करायचे हो, त्यांच्या वडिलांनी केलं, आजोबांनी केलं, ते चर्चच त्यांच्या घराण्यातलं — कोणाशी म्हणजे? माझ्याशी. ते लिहू नका. अकरा वर्षं. मग त्यांना बिशप केलं आणि वरून पत्र आलं, बिशपाच्या घरात बाई चालायची नाही. मी धार काढत होते. दारात उभं राहून म्हणाले, "डर्वाल, ओढ्यापलीकडचं घर शाकारून घेतलंय." मी म्हटलं, "बरं." आणखी काय म्हणणार — गाय लाथाळ, धार अर्धी झालेली.

मुलगी माझ्याबरोबर आली. लासर, नऊ वर्षांची. तिला शिकवलं, आता बाबा नाही म्हणायचं, बिशपसाहेब म्हणायचं. लवकर शिकली. पुढच्याच वर्षी तापाची साथ आली, त्यात ती पडली. हे चार दिवसांच्या वाटेवर, बिशपांच्या सभेला. मी माणूस धाडला. तो परत येऊन म्हणाला, "साहेब विचारतायत, सभेत काय सांगून निघू?" आले ते ती गेल्यावर. कबरीवर सगळी प्रार्थना म्हटली, कुठे चुकले नाहीत — फक्त नावाच्या जागी "हे लेकरू" म्हणाले. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. एक जोडा चिखलात रुतला होता आणि ते तो काढतच नव्हते.

मग बावीस वर्षं. थंडी पडली की दाराशी जळणाची टोपली ठेवून जायचे, स्वतः पाठीवर आणून. बोललो? छे. ते खोकायचे. मी आतून भांडं वाजवायची, आहे एवढं कळावं म्हणून.

आजार पोटाचा. सात आठवडे ताकाच्या निवळीवर होते. मंगळवारी त्यांचा डीकन, हाताखालचा पाद्री, आला, "मावशी, साहेब बोलावतायत." मी म्हटलं, ताक घुसळतेय, मध्येच सोडलं तर लोणी येत नाही. बुधवारी परत आला. म्हणाला, "सगळ्यांसमोर म्हणतायत, लासरच्या आईला बोलवा. मावशी, ही लासर कोण?"

दोनशे पावलं आहेत ब्रदर, ओढ्यावर फळी टाकलेली आहे. मी गेले नाही. का ते नीट सांगता येत नाही. राग नव्हता — राग असता तर गेले असते. बसून राहिले. दुपारी ते गेल्याची घंटा वाजली, मग उठून गाई आत घेतल्या. पाऊस येणार होता.

हे काय लिहिताय? खोडा ते. लिहा, सगळ्यांना आशीर्वाद देऊन शांतपणे गेले. डीकनही तेच सांगेल, भला माणूस आहे.

कुठे पुरलं? ते चर्चमध्ये विचारा, मी अजून तिकडे गेलेले नाही. निघा आता. दार जरा उचलून ओढा, खाली घासतं.