पण टीम कितवी आली?

…नाही, नाही, ते बिस्किट ठेवा तुमच्याकडेच! मला बिस्किट नको, मला न्याय हवाय! असं मी भर मीटिंगमध्ये उभं राहून, स्वच्छ डचमध्ये सांगितलं, तर त्या फेमकेनं शांतपणे डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "बरं, मग पुढचा मुद्दा." पुढचा मुद्दा! तुम्हाला सांगतो, एका मुलीच्या वर्षभराच्या घामाची माती झाली आणि यांचा पुढचा मुद्दा काय, तर कॅन्टीनमध्ये चिखलाचे बूट घालून कोण येतं! शी!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो. पण एक अट आहे. मध्येच तो प्रश्न विचारायचा नाही. कुठला ते कळेलच. सगळे तोच विचारतात.

मी यतीन. वाढलो नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, कॉलेज केलं अमेरिकेत, आता नायमेखनला पुढचं शिकतोय. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे काय, तर हाताने खेळायचा. असू दे, त्यांचा देश, त्यांचे हात. पण कॉलेज फुटबॉलचं वेड असं की शनिवारी गावात कुत्रंसुद्धा टीमचा शर्ट घालून फिरतं. माझ्या होस्टेलवर शेजारच्या खोलीत एक अवाढव्य पोरगा राहायचा, बचावातला. समोरून आलेला माणूस त्याच्या अंगावर आपटला की माणूस थांबायचा आणि स्टेडियम हलायचं. प्रतिस्पर्धी कोच त्याचं नाव घेऊन पोरांना घाबरवायचे! आणि वर्षाअखेर सर्वोत्कृष्ट खेळाडूची चर्चा निघाली तेव्हा टीव्हीवरचे तज्ज्ञ टाय सारखा करत काय म्हणाले? "खेळाडू उत्तम आहे हो… पण टीम कितवी आली?" टीम नऊ सामने हरलेली. संपला विषय! आणि मग ज्या टीमनं सगळं जिंकलं, त्या टीमच्या बॉल फेकणाऱ्याच्याच नावाचा गजर. अहो, त्याच्या पुढे पाच डोंगर उभे असतात, त्यांच्या आडोशाला उभं राहून तो बॉल फेकतो! मग त्या डोंगरांना द्या की बक्षीस! पण नाही.

त्या वर्षी ठरवलं, परत जायचं. म्हटलं, आपलं नेदरलँड्स बरं. तिथे माणसाला माणूस म्हणून मोजतात.

हसा. हसा तुम्ही.

तर नायमेखनला आल्या आल्या मी मुलींच्या एका विद्यार्थी टीमचा कोच झालो. लीगमध्ये आठ विद्यापीठांच्या आठ टीम, प्रत्येकीचे चौदा सामने. माझं तत्त्व एकच, सगळ्यांना सारखा वेळ आणि प्रत्येक सामन्यात नवी जागा. आज बॅक खेळलीस, उद्या फॉरवर्ड खेळ. कुणी बाकावर बसून रडायचं नाही. फक्त गोलकीपर कायम एकच, कारण त्या जागी दुसरी कुणी उभी राहायलाच तयार नव्हती. त्या जागी होती सुरुची.

सुरुची नागपूरची. इथे मास्टर्स करायला आलेली, बारीक, चष्मेवाली, बोलणं कमी. पण तिला गोलात उभी करा! वारा असा की सायकली आडव्या होतायत, पाऊस खालून वर येतोय, आणि ही पोरगी मांजरासारखी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मी प्रत्येक शॉट वहीत लिहिला. वर्षभरात तिच्यावर दोनशे त्रेचाळीस शॉट आले, त्यातले दोनशे बारा तिनं अडवले. दोनशे बारा! आणि लोटे, म्हणजे लीग जिंकलेल्या टीमची कप्तान, एकोणीस गोल मारणारी. तिनं सुरुचीवर दोन सामन्यांत मिळून अकरा शॉट मारले. गोल किती? शून्य! दोन्ही सामने आम्ही एक-शून्यनं हरलो, ते दोन्ही गोल आमच्याच पोरींनी आमच्याच जाळ्यात मारलेले. जागा नवीन होती, गोंधळल्या बिचाऱ्या.

आता तुमच्या ओठांवर आलाय ना प्रश्न? दिसतोय मला! ए काका, तुम्हीच! सांगतो, सांगतो. आठवी. आठांत आठवी. झालं समाधान?

आता यात सुरुचीचं काय अडलं होतं, तर इथल्या सगळ्या विद्यापीठांच्या मिळून एका संघाचं निवड शिबिर. तिथे जायला दोनच दारं. एक तर तुमची टीम पहिल्या तिनात हवी, नाहीतर तुम्ही लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडू हव्यात. पहिलं दार आम्ही खिळे मारून बंद केलेलं, म्हणजे उरलं दुसरं. मी तिला म्हटलं, "सुरुची, हे दार मी उघडतो. शब्द आहे माझा." ती म्हणाली, "यतीनदादा, आधी डावा बॅक उघडा पडतो तो बंद कर ना."

बघा, विनोदबुद्धीसुद्धा आहे!

घरी सांगितलं. आमचे बाबा, राजनराव, आइंडहोवनला कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या मशीनवर काम करतात. वीस वर्षं झाली. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अरे, प्रोजेक्ट बुडालं तर तुझा स्क्रू किती सरळ बसला होता हे कोण विचारतं? मशीन चाललं का, एवढंच! टीम कितवी आली?" म्हणजे घरातही तेच! पण आई… आमची मंजूषाताई पोळी लाटता लाटता थांबली. लाटणं हवेत! म्हणाली, "तू लढ. माझ्यासाठी लढ." आईचं दुखणं जुनं आहे. पुण्यात कॉलेजात असताना आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत तिनं आंधळ्या म्हातारीचं काम केलं होतं. प्रेक्षक रडले, परीक्षक रडले, पडदा ओढणारा रडला म्हणून पडदा उशिरा पडला. अभिनयाचं वैयक्तिक बक्षीस कुणाला? पहिल्या आलेल्या एकांकिकेतल्या मुलीला! तिचं काम काय? ट्रे घेऊन यायचं आणि "साहेब, चहा" म्हणायचं! परीक्षक विंगेत येऊन आईला म्हणाले, "बाळ, अभिनय तुझाच गं, पण एकांकिका चौथी आली ना." तीस वर्षं झाली, अजून आमच्या घरी कुणी ट्रेमधून चहा आणत नाही.

तर आईचा आशीर्वाद घेऊन मी लीगच्या बक्षीस समितीत गेलो. प्रत्येक टीमचा एक प्रतिनिधी, असे आठ जण, अध्यक्ष फेमके. आणि मतदान नाही हं! इथे सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं. बोलायचं, कॉफी प्यायची, एक बिस्किट घ्यायचं… एकच, दुसऱ्याला हात गेला की डबा बंद… आणि परत बोलायचं.

पहिल्या मीटिंगमध्ये मी भाषण ठोकलं. "बक्षीस वैयक्तिक आहे ना? मग टीमचा क्रमांक त्यात येतोच कसा? तो गुणतक्ता उलटा करा आणि खेळ बघा!" आणि काय सांगू, मान्य! सगळ्यांच्या माना डोलल्या, लेखी नियम झाला, 'टीमच्या क्रमांकाचा विचार करू नये.' मी तरंगत घरी. सुरुचीला फोन केला, "उघडलं दार!" आणि माझ्याच तोंडाने, माझ्याच मूर्ख तोंडाने, तिला म्हटलं, "शिबिरासाठी नवे हातमोजे घे!" तिनं घेतले हो. पिवळे.

दुसरी मीटिंग. मी वही उघडली, आकडे वाचले, दोनशे त्रेचाळीसपैकी दोनशे बारा! मग फेमके, पेन बोटांत फिरवत, "यतीन, मी हे प्रेमानं सांगते. तुझी टीम वाईट आहे." म्हटलं, माहितीये. "खूप वाईट आहे." म्हटलं, पुढे! "म्हणूनच तिच्यावर इतके शॉट आले. चांगल्या टीमच्या कीपरवर साठच येतात, ती दोनशे बारा अडवणार कुठून? म्हणजे सुरुचीचे आकडे टीमच्या अपयशामुळे मोठे झालेत. टीमच्या यशावरून बक्षीस द्यायचं नाही, हा तुझाच नियम. मग टीमच्या अपयशावरून तरी कसं द्यायचं?"

तुम्हाला सांगतो, मी दोन मिनिटं नुसता कॉफी ढवळत बसलो. कॉफीत साखर नव्हती.

मग ओरडलो, "टक्केवारी बघा! शंभरातले सत्त्याऐंशी! कुठल्याही टीमच्या कीपरपेक्षा जास्त!" तर एक जण म्हणतो, "पण इतके शॉट आले की हात बसतो." दुसरी म्हणते, "आणि टीम इतकी वाईट का? कोच दर सामन्यात जागा बदलतो." म्हणजे आता कोण अडकलं? मी! अहो, मी लोटेच्या गोलांचं विचारलं, एकोणीसपैकी सहा तर रिकाम्या जाळ्यात ढकललेले, पास दुसरीचा, धाव तिसरीची, त्याचं काय? तर म्हणे, "ते टीमवर्क." आमचे शॉट ते अपयश आणि यांचे गोल ते टीमवर्क! किळस येते की नाही? सांगा!

मला आधार एकच होता, अनिमेष. डेल्फ्टच्या टीमचा प्रतिनिधी, आपला मराठी माणूस, ठाण्याचा. मीटिंगच्या आधी सायकल लावताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "यतीन, मी तुझ्या बाजूनं आहे रे, डोळे झाकून!" तिसऱ्या मीटिंगला त्यानं खरंच डोळे झाकले. घसा साफ करून म्हणाला, "मला दोन्ही बाजू पटतात." दोन्ही! आणि मग त्याच्यातला मराठी शाळेचा स्नेहसंमेलनवाला जागा झाला. "आपण असं करूया, लोटेला मुख्य बक्षीस, आणि सुरुचीला उत्तेजनार्थ!"

उत्तेजनार्थ! आता हे डच लोकांना समजावून सांगायला त्याला वीस मिनिटं लागली. पहिलं नाही, दुसरं नाही, तिसरं नाही, पण वाईट वाटू नये म्हणून. फेमकेचे डोळे चमकले! साडेतीनशे वर्षं हे लोक जे शोधत होते ते त्यांना सापडलं! कुणी दुखावत नाही, कुणी जिंकत नाही, मीटिंग संपते! सात माना डोलल्या. मी एकटा उभा. आणि तेव्हा फेमकेनं डबा पुढे केला, "यतीन, आज तू दुसरं बिस्किट घे."

पुढचं तुम्हाला मघाशी सांगितलंच.

बक्षीस समारंभ कॅन्टीनमध्ये. लोटेला ट्रॉफी. मग सुरुचीचं प्रमाणपत्र. तेही नुसतं तिच्या नावाचं नाही हं! बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून आमच्या सगळ्या सतरा मुलींची नावं अक्षरक्रमानं, त्यात सुरुची चौदावी. तिनं ते घेतलं, चष्मा पुसला, बसली. मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात परत नाव पुकारलं, म्हणे आमच्या टीमला खिलाडूवृत्तीचं बक्षीस, वर्षभरात सर्वांत कमी फाउल! अहो, फाउल करायला समोरच्याच्या जवळ तर पोचावं लागतं! आमच्या पोरी कधी पोचल्याच नाहीत, सगळं मागे सुरुचीनं एकटीनं निस्तरलं. म्हणजे बघा हं, वैयक्तिक बक्षीस टीममुळे, आणि टीमचं बक्षीस एकटीमुळे! आणि ते घ्यायला स्टेजवर गेलं कोण? मी.

रविवारी सुरुची नेहमीसारखी आमच्याकडे जेवायला आली. मी वरणभात पुढे घेऊन पुन्हा सुरू केलं, "आपण अपील करू, पत्र लिहू, सह्या गोळा करू, पुढच्या वर्षी नियम…" ती म्हणाली, "यतीनदादा, रागावणार नाहीस ना? मास्टर्सचा प्रोजेक्ट मी लोटेच्या विद्यापीठात घेतलाय, पुढच्या वर्षी तिच्या टीमकडून खेळतेय. त्यांची कीपर शिकून बाहेर पडली." माझा घास हातात. "तू नियम बदलायला गेलास, मी टीम बदलली." मी आईकडे बघितलं. म्हटलं आता ही पेटेल, तीस वर्षांची आग आहे! आई ताटात तूप वाढत म्हणाली, "मीच सांगितलं तिला. मी तेव्हा ग्रुप बदलला असता ना, तर आज…" आणि बाबा, आयुष्यात पहिल्यांदा पेपर खाली ठेवून, "बरोबर केलंस, पोरी."

पिवळे हातमोजे तिनं सोबत नेले. शिबिरासाठी आता पुढच्या वर्षी तिला कुणाच्या बक्षिसाची गरज नाही. पहिलं दार सताड उघडं.

राहिलो मी, आणि रिकामा गोल. मागच्या आठवड्यात एक मुलगी आली ट्रायलला, शिवांगी. नीउ-व्हेनेपची, इथेच वाढलेली, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. म्हणाली, आधीच्या क्लबमध्ये दोन वर्षं कीपर होते. मी शॉट मारले, तिनं अडवले. उजवीकडे मारले, अडवले. वर मारले, अडवले! तीच मांजर, तेच कोपरे! मी वही काढली, नाव लिहिलं, आकडे लिहिले, आणि पेन थांबलं. मी, अमेरिकेतून परत आलेला, मीटिंगमध्ये एकटा उभा राहिलेला मी… तिला विचारलं,

"ते सगळं ठीक आहे, पण टीम कितवी आली होती?"

जीभ चावली हो, लगेच चावली! पण तुम्हाला खरं सांगतो… उत्तर ऐकायला थांबलो होतो.